क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आणि एक किलो जिलबी

नमस्कार श्रोतेहो. आज किडनी ट्रान्सप्लांटबद्दल बोलायचंय, म्हणजे घेणारा बाई आहे की पुरुष, तरुण की म्हातारा, यानं काय फरक पडतो ते. पण आधी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या काका-काकूंचं ऐका, लॅबमधून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काकूंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, वय ४७, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काका म्हणाले माझी घ्या, ब्लड ग्रुप एकच, पत्रिकेत ३६ पैकी २८ गुण जुळलेले, अजून काय पाहिजे? तपासण्या झाल्या, फोन आला, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. काकांनी तेवढंच ऐकलं, फोन ठेवला आणि थेट सराफ्यातल्या खाऊगल्लीत, एक किलो जिलबी आणून वाड्यात घरोघर वाटत सुटले, "पॉझिटिव्ह आलं हो!" माझ्याही दारात आले. मी हातात गरम जिलबी धरून उभी, आता या माणसाला सांगू कसं?

कारण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. परत सांगते, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं त्या पाण्यात, ठेवतात, त्या मेल्या तर समजायचं की ही किडनी अंग ठेवून घेणार नाही. काकूंची तीन बाळंतपणं झालेली. पोटातल्या बाळात अर्धा वाटा बापाचा, आईचं शरीर कधीकधी त्या वाट्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि त्या वर्षानुवर्षं राहू शकतात. मग नवऱ्याचीच किडनी नडते. बायकोची नवऱ्याला देताना ही बाळंतपणाची भानगड नाही.

मी हे सगळं सांगितलं तर काका जिन्यावरच बसले, म्हणे, "म्हणजे माझ्याच पोरांनी माझी वाट अडवली?"

मग काकूंची आई उज्जैनहून आली, वय ६८. डॉक्टर वयावर अडले, तेही बरोबरच, चाळिशीनंतर किडनीची गाळायची ताकद हळूहळू उतरते आणि वयस्कर किडनी साधारण कमी वर्षं चालते. आजी म्हणाल्या, "माझा पाटा-वरवंटा ५० वर्षांचा आहे, तुमच्या घरात मिक्सर किती झाले?" तपासण्या चांगल्या निघाल्या, क्रॉसमॅच निगेटिव्ह, ऑपरेशन झालं. त्या दिवशी जिलबी मी वाटली. (पोह्यांबरोबर जिलबी ठीक आहे हो, पण त्यावर मूठभर शेव कशाला? मीठ किती असतं त्यात, आणि हल्ली लवंग-शेवेच्या नावाखाली नुसतं तिखट. असो.)

आता वयाचं. म्हाताऱ्या माणसाचं शरीर नवी किडनी कमी नाकारतं, कारण प्रतिकारशक्तीच मंदावलेली, पण इन्फेक्शन आणि हार्टचा धोका जास्त. तरण्या पोरांचं उलट, साधारण १५ ते २४ हे वय सगळ्यात नाजूक, शरीर जोरात भांडतं आणि वर हॉस्टेल, लग्नं, मित्र यात शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी राहून जाते. त्यातही तरुण मुलीला पुरुषाची किडनी बसवली असेल तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणून परत सांगते, सकाळ-संध्याकाळची गोळी घड्याळ लावून, चुकवायची नाही.

आणि मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायला ६५ ची अट होती ती २०२३ मध्ये काढली, तेव्हा बाबांचं वय झालं म्हणून गप्प बसू नका. आईचंही नाव लिहा. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्याकडे बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, आणि हे काही सगळं मेडिकल कारणांनी होत नाही, मला राग येतो त्याचा.

काकू ठीक आहेत, सकाळी आठ आणि रात्री आठला अलार्म वाजतो, अख्ख्या वाड्याला ऐकू येतो. काका मात्र कुठलाही रिपोर्ट आला, अगदी पोराच्या पासपोर्टचा का असेना, आधी मला फोन करतात, "हे पॉझिटिव्ह चांगलं की वाईट?"