हाताला लागण्याआधी

(दृश्य : दाभोळची जेट्टी. फेरीबोटीची फळी खाली येते.)

वाशिष्ठीची खाडी. अलीकडे दाभोळ, पलीकडे धोपावे. रस्त्यानं जायचं तर चिपळूणचा वळसा. म्हणून दुचाक्या, टेम्पो आणि माशांच्या टोपल्यांच्या गर्दीत आज ही पांढरी व्हॅनही बोटीवर चढते आहे. ड्रायव्हर ती इंचाइंचानं मागं घेतोय, कारण आत मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या क्ष-किरण तपासणीचं डिजिटल यंत्र आहे.

(दृश्य : शाळेचं पटांगण. वायरी, जनरेटर.)

गुहागर तालुक्यातली एक वाडी. आधी जनरेटर सुरू होतो, मग एसी. यंत्राच्या डिटेक्टरला, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागाला उकाडा सोसत नाही आणि इथं तर मे महिना आहे. व्हॅन गार झाल्यावर पहिली प्रतिमा घेतली जाते ती ॲक्रिलिकच्या ठोकळ्याची. त्यात मुद्दाम बारीक तंतू, कण आणि गाठीसारखे गोळे बसवलेले असतात. पडद्यावर ते नीट दिसले, तरच बायकांना आत बोलवायचं. खड्ड्यांतून आलेल्या यंत्राची ही परीक्षा टेक्निशियन ताई एकदाही टाळत नाहीत.

बाहेर आशाताईंनी रांग लावली आहे. कुणी मासळी विकून आलेली, कुणी काजूच्या कारखान्यातून सुट्टी मागून.

"मावशी, पावडर लावलीय का?"

लावली असेल, तर ओल्या फडक्यानं पुसायची. पावडरचे कण क्ष-किरणांत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकतात, आणि इथं शोध त्याच कणांचा आहे.

(दृश्य : यंत्र जवळून. दोन प्लेट.)

स्तन दोन प्लेटमध्ये दाबला जातो. दुखतं, पण काही सेकंदच. दाबल्यानं आतला भाग पसरतो, एकावर एक आलेले थर सुटे होतात, किरणही कमी लागतात. प्रत्येक बाजूच्या दोन, अशा चार प्रतिमा : एक वरून, एक तिरकी, काखेपर्यंतची. या सगळ्यातून मिळणारा किरणोत्सार साधारण सात आठवड्यांत निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढाच.

(दृश्य : पडदा. प्रतिमा मोठी होत जाते.)

हे पांढरे कण पाहा. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. बोटांना ते कधीच लागले नसते. असे बरेच कण निरुपद्रवी असतात, पण एका जागी दाटीनं जमले, वेडेवाकडे दिसले, तर ती कॅन्सरची अगदी पहिली खूण असू शकते.

तरुण स्तनांत ग्रंथींची दाटी जास्त, ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. जुन्या फिल्मवर गाठ त्यात हरवायची. डिजिटल प्रतिमेचा उजेड-अंधार बदलून पाहता येतो. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 49,500 स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष 2005 साली आले : पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये डिजिटल तपासणी फिल्मपेक्षा सरस ठरली. शिवाय प्रतिमा धुवायला नको. रेंज मिळाली की ती शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे जाते. कोकणातल्या बाईला डॉक्टरपर्यंत नेण्याआधी तिची प्रतिमा तिथं पोहोचते, म्हणून तर या व्हॅनचा एवढा खटाटोप.

(दृश्य : मावशी पायऱ्या उतरतात. इथं निवेदन नाही.)

काहीजणींना पुन्हा बोलावणं येईल. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. ज्यांच्याबाबत शंका उरेल त्यांचा सुईनं नमुना, आणि कॅन्सर निघालाच तर पुढं डेरवणचं रुग्णालय, नाहीतर मुंबईत परळचं टाटा.

आणि हाताला गाठ लागली असेल, तर मॅमोग्राम स्वच्छ आला तरी थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करून घ्या.

व्हॅनचा पुढचा मुक्काम वेळणेश्वर. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी यावं. आधीच्या फिल्मा असतील तर सोबत आणाव्यात, जुन्या-नव्या शेजारी ठेवल्या की झालेला बदल लगेच कळतो.