दंड भरला, लायसनचं काय?

[गंजगोलाई, सकाळ]
लातूरची गंजगोलाई. सोळा रस्ते इथं येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवर हेच चित्र: हेल्मेट आहे, पण कोपरात अडकवलेलं.

पोलिसानं अडवलं, १,००० रुपयांचं ई-चलन निघालं. पैसे भरले, विषय मिटला, असं गाडीवाला धरून चालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-डी मात्र दंडावर थांबत नाही. लायसन तीन महिने अपात्र, हेही त्यातच आहे. ट्रिपल सीटला १९४-सी लागतं. तिथंही तीन महिनेच.

[हातातली पावती, जवळून]
ही पावती नीट बघा. खरा घोळ इथंच होतो. २०१९ च्या दुरुस्तीनं या गुन्ह्यांत लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडं पाठवायचं ठरलं. बदल्यात मिळते ती ही तात्पुरती पोच. इतर काही प्रकरणांत अशा पोचेवर गाडी चालवता येते, म्हणून लोक ही पावतीही खिशात घालून निघतात. हिच्यावर चालत नाही. लायसन हातात येईपर्यंत गाडी घरी.

[आरटीओ, खिडकीसमोरची रांग]
पुढं नोटीस येते. म्हणणं मांडायची संधी असते, ती सोडू नये. ठरलेल्या दिवशी कागद घेऊन स्वतः जावं; एजंटाला पाठवून भागेल या भरवशावर राहू नये. आदेश निघाला की त्यातली ‘पासून – पर्यंत’ तारीख वाचायची. बरेच जण चलनाच्या दिवसापासून महिने मोजतात आणि फसतात. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. लायसन परत मिळवताना उजळणी प्रशिक्षणही करावं लागतं.

[विम्याचा कागद]
आता विमा. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००. कैदेचीही तरतूद आहे. विम्यावरचा चासी नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तिकेशी, ताडून पाहा, एक आकडा चुकला तरी पुढं भांडण. विमा कधी सुरू होतो, ती वेळही वाचा. जुनी जीप घेतली तर थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलायचं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण तर वैध लायसनशिवाय मिळतच नाही.

[ठाण्याच्या आवारातली चेपलेली दुचाकी]
निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर भरपाईची वसुली मालकावर येऊ शकते.