उतुरुंकू का फुगतोय?

(दृश्य: बोलिव्हियाचं उजाड पठार, मागे उतुरुंकू)

दक्षिण बोलिव्हियातला हा उतुरुंकू ज्वालामुखी. उंची 6,000 मीटरच्या वर. गेल्या अडीच लाख वर्षांत याचा उद्रेक झालेला नाही. मग याच्यावर नजर ठेवणार कोण? मध्य अँडीज पर्वतरांगेत असे ज्वालामुखी शेकड्यांनी आहेत. प्रत्येकावर यंत्रं बसवायची तर पैसा आणि माणसं आणायची कुठून?

मॅथ्यू प्रिचर्ड अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात पीएच.डी. करत होते, मार्गदर्शक मार्क सिमन्स. दोघांनी युरोपच्या ईआरएस उपग्रहांची 1992 ते 2000 मधली रडार-चित्रं घेतली आणि सुमारे 900 ज्वालामुखी चाळून काढले.

(दृश्य: पडद्यावर उमटणारी रंगीत वलयं)

उपग्रह रडारची लहर सोडतो, ती जमिनीवर आपटून परत येते. काही महिन्यांनी तिथूनच पुन्हा तेच. दोन्ही चित्रं ताडून पाहिली की मधल्या काळात जमीन जिथे हलली, तिथे वलयं दिसतात. एक वलय म्हणजे जमीन 2.8 सेंटिमीटर हलली. आणि हे मोजायचं जवळपास 800 किलोमीटरवरून!

900 पैकी चारच जागी हालचाल सापडली. तीन फुगत होत्या, एक खचत होती. उतुरुंकू वर्षाला एक-दोन सेंटिमीटर वर येत होता. 2002 साली हे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

इथवरचं काम खुर्चीत बसून झालं. फुगवटा का येतोय, हे मात्र वरून कळेना. प्रिचर्ड पुढे कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले. देशोदेशीचे संशोधक उतुरुंकूवर पोचले. गंधकाच्या जुन्या खाणीचा रस्ता होता म्हणून बरं, तो बराच वर जातो. भूकंपमापक पुरले गेले. मधला भाग वर येतोय आणि भोवतीचं कडं खचतंय, हेही लक्षात आलं. बातम्यांनी तोवर त्याला ‘झोंबी ज्वालामुखी’ करून टाकलं होतं.

फुगला म्हणजे फुटणार, असा सरळ हिशेब नसतो. 1,700 हून अधिक बारीक भूकंपांच्या नोंदी तपासून 2025 मध्ये निष्कर्ष आला: खालून तप्त द्रव आणि वायू वर सरकताहेत, उद्रेक इतक्यात नाही.

मध्य अँडीज कोरडा, झाडं नाहीत, म्हणून ही चित्रं स्वच्छ आली. जावा-सुमात्राच्या दाट रानात त्याच लहरी पानांत अडकतात. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निघालेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह 24 सेंटिमीटरची लांब लहरही वापरतो. ती पानांतून पार जाते, आणि तो दर 12 दिवसांनी त्याच जागेवर परततो.