काठी आधी, सूर नंतर

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर पत्रिकेत विषय छापलाय 'पडद्यावरचे कंडक्टर', ते वाचून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, एसटीवर बोलणार का? (हशा) नाही हो, तिकीटवाले नाही, काठीवाले, ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून काठी हलवत वादकांना चालवतात ते.

शाळेत गॅदरिंगला सरांनी मला समूहगीतापुढे उभं केलं, हातात फुटपट्टी दिली आणि म्हणाले, हलव. पोरं गायला लागली की मी त्यांच्या तालावर पट्टी हलवायचो, झकास चाललं होतं, मला वाटलं माझ्यामुळेच गातायत! दुसऱ्या कडव्याला पेटीवाल्या सरांना खोकल्याची उबळ आली, पेटी थांबली आणि अख्खी पन्नास पोरं माझ्याकडे बघायला लागली, मी पोरांकडे. आई पहिल्या रांगेत. ती अजून काढते तो विषय, गेल्या दिवाळीत सुनेसमोर काढला.

माझी तक्रार एवढीच, की सिनेमातले बहुतेक कंडक्टर माझ्यासारखेच फुटपट्टीवाले असतात. गाणं आधी रेकॉर्ड झालेलं, नट त्यावर हात हलवतो, केस उडवतो, घाम गाळतो. आपला तबलजी समेवर येऊन गाठतो, पण खऱ्या कंडक्टरला सम यायच्या आधीच सम दाखवावी लागते, हात आधी आणि आवाज मागून. हे उलटं झालं की... काय? दहाच मिनिटं? अहो, प्रास्ताविकालाच वीस गेली.

बरं, पटपट. २०२३ चा 'माएस्ट्रो', अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनवरचा. नटाने लावलेल्या खोट्या नाकावरून गदारोळ झाला तोच, ते सोडा. बर्नस्टाइनने १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या ईली कॅथीड्रलमध्ये माहलर या संगीतकाराची दुसरी सिंफनी केली होती, बर्नस्टाइन झालेल्या ब्रॅडली कूपरने त्याच जागी, खऱ्या लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासमोर, लाइव्ह केली. सहा मिनिटांच्या सीनसाठी सहा वर्षं शिकला म्हणे, आणि तरी आधी तो तालात मागेच पडत होता, हे त्यानेच सांगितलंय. म्हणजे बघा, माझी फुटपट्टी! (हशा) पण शेवटी जमलं, वाद्यं त्याच्या हातामागून येतात, डोळे मिटूनही कळतं. (आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राला कंडक्टर होते, बर्नस्टाइन होता तिथेच, त्यांच्यावर कुणी असा सिनेमा काढला तर मला फोन करा.)

दुसरा 'टेकिंग साइड्स', इस्तवान साबोचा, २००१ चा. जर्मन कंडक्टर फुर्टवेंगलर, बर्लिन फिलहार्मोनिकचा, नाझींच्या राज्यात देश न सोडता राहिला म्हणून युद्धानंतर चौकशी, १९४६ च्या डिसेंबरात निर्दोष सुटला. फुर्टवेंगलर झालेला स्टेलान स्कार्सगार्ड बिचारा सिनेमाभर खुर्चीत बसून अमेरिकन मेजरच्या शिव्या खातो, काठी फारशी हातात येतच नाही. आणि शेवटी साबो नटाला बाजूला करून खरी फिल्म लावतो, १९४२ ची, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची, बेथोवनची नववी सिंफनी संपलीय, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स पुढे येऊन हात मिळवतो. फुर्टवेंगलरच्या हातात रुमाल. हस्तांदोलन झालं की तो रुमाल या हातातून त्या हातात, मग हात पुसल्यासारखं काहीतरी. साबो ते जवळ आणून पुन्हा दाखवतो. घाम पुसला की गोबेल्स पुसला? मी पंधरा वेळा तरी पॉज करून बघितलंय, बायको वैतागली.

हो हो, आवरतो. प्रोजेक्टर चालू आहे ना? मग तेवढा रुमालच बघा आणि चहाला चला.