नोकरी गेली तरी

नमस्कार श्रोतेहो.

डेन्मार्कमध्ये फ्यून नावाचं बेट आहे. त्या बेटावर, ओडेन्स शहराजवळ, लिंडोची गोदी होती. 2006 मध्ये या गोदीतून 'एमा मर्स्क' हे कंटेनर जहाज बाहेर पडलं. लांबी जवळपास 400 मीटर, त्या वेळचं जगातलं सर्वांत मोठं. आणि तीनच वर्षांनी, ऑगस्ट 2009 मध्ये, मालकांनी जाहीर केलं की हातातली जहाजं पुरी झाली की गोदी बंद. आशियातल्या गोद्यांपुढे किमतीत टिकाव लागत नव्हता. 2012 मध्ये काम थांबलं. वेल्डर, फिटर, क्रेनवाले, रंगारी, सगळे मोकळे झाले.

मोकळे झाले म्हणजे रस्त्यावर आले का? आजचं माझं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

समजा, आज डेन्मार्कमधल्या एखाद्या वेल्डरची नोकरी गेली. पहिल्याच दिवशी त्याने सरकारी संकेतस्थळावर आपलं नाव नोंदवायचं. दोन आठवड्यांत आपला अनुभव, आपलं कसब तिथे लिहून टाकायचं. मग बेकारी निधीतून बोलावणं येतं. हा निधी सरकारी खात्यासारखा नाही. तो बहुतेक वेळा कामगार संघटनेशी जोडलेला असतो आणि त्याचं सभासद व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. वर्षभर वर्गणी भरलेली असेल आणि पुरेशी कमाई झालेली असेल, तर जुन्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. त्याला वरची मर्यादा आहे, महिन्याला साधारण 20 हजार क्रोन. त्यामुळे मोठा पगार असलेल्याला तो अपुरा पडतो. पण वेल्डरच्या, सफाई कामगाराच्या घरात चूल पेटती राहते. बदल्यात त्याने काम शोधत राहायचं, भेटीला हजर व्हायचं, सांगितलं तर प्रशिक्षणाला जायचं. टाळाटाळ केली तर भत्ता थांबतो.

आता याची दुसरी बाजू. डेन्मार्कमध्ये मालकाला माणूस कमी करणं फारसं अवघड नाही. कार्यालयीन कर्मचाऱ्यांना 1938 च्या कायद्याने काही महिन्यांची नोटीस मिळते, पण बांधकामावरच्या कामगाराला काही दिवसांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. संघटना तरीही रस्त्यावर उतरत नाहीत, कारण त्यांनी हा सौदा डोळे उघडे ठेवून केला आहे. इथे नोकरीची हमी कोणी देत नाही. नोकरी जाणारच आहे हे धरून चाललेलं असतं आणि मधल्या दिवसांत घर चालेल, नवं काम शिकता येईल, याची हमी असते. दर वर्षी साधारण चार-पाच जणांतला एक जण तिथे नोकरी बदलतो.

हा सौदा एका दिवसात झालेला नाही. 1899 च्या मे महिन्यात डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या काही गावांत सुतारांचा पगारावरून वाद झाला आणि मालकांनी देशभर टाळेबंदी केली. सुमारे 40 हजार कामगार बाहेर. उन्हाळा सगळा तसाच गेला, 100 दिवसांच्या वर. दोन्ही बाजू थकल्या आणि सप्टेंबरमध्ये करार झाला. मालकांनी संघटनेचा हक्क मान्य केला. संघटनांनी मान्य केलं की काम कसं चालवायचं, कोणाला ठेवायचं, हे मालक ठरवतील. आजही डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. वेतन ठरतं ते मालक आणि संघटना यांच्या करारातून, आणि दर तीन कामगारांतले जवळपास दोन कुठल्या ना कुठल्या संघटनेत आहेत. मला हे सारखं सांगावंसं वाटतं, कारण डेन्मार्कचं कौतुक करणारे बहुतेक लोक 'सोपी कपात' एवढंच ऐकतात आणि ही शंभर वर्षांची बैठक गाळून टाकतात.

1993 मध्ये तिथली बेकारी 10 टक्क्यांच्या पलीकडे गेली होती. त्या वर्षी पंतप्रधान झालेले पोल न्यूरुप रासमुसेन यांनी 1994 पासून नियम बदलले. त्याआधी सरकारी योजनेत काही महिने काम केलं की भत्त्याचा हक्क पुन्हा नव्याने सुरू व्हायचा, म्हणजे भत्ता जवळजवळ संपतच नसे. रासमुसेन यांनी त्याला सात वर्षांची मर्यादा घातली, पुढे ती कमी करत नेली, पण त्याच वेळी प्रशिक्षणावर पैसा ओतला. 2008 पर्यंत बेकारी 4 टक्क्यांच्या खाली आली होती.

याच सुमारास नेदरलँड्समध्ये 'फ्लेक्सिक्युरिटी' हा जोडशब्द रूढ झाला. लवचीकता आणि सुरक्षितता, दोन्ही एका शब्दात. तिथे 1999 मध्ये त्या नावाचा कायदाच आला. 2007 मध्ये ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, तो शब्द उचलला आणि सगळ्या सदस्य देशांपुढे ठेवला. आणि घोडं पेंड खातं ते इथे. शब्दाचे दोन भाग होते, पण पहिला भाग फुकट मिळतो. कायद्यातली दोन वाक्यं बदलली की लवचीकता आली. दुसऱ्या भागाला पैसे लागतात, दर वर्षी लागतात.

स्पेनकडे बघा. तिथे हे सगळं ब्रुसेल्सच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. बेकारी हटवायची म्हणून 1984 मध्ये सरकारने तात्पुरत्या कंत्राटांना मोकळीक दिली. जे कायम होते त्यांना हात लावला नाही. त्यांना अन्यायाने काढलं, तर सेवेच्या दर वर्षामागे 45 दिवसांचा पगार द्यावा लागे. कंत्राट संपलेल्याला मात्र त्या काळात फारच थोडं किंवा काहीच देणं नव्हतं. मालकाने काय करावं? त्याने जे केलं ते कोणीही केलं असतं. काही वर्षांत स्पेनमधला दर तिसरा कामगार तात्पुरता झाला आणि पुढची जवळपास वीस वर्षं तसाच राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी कंत्राट संपायचं, सोमवारी सकाळी नवं सही करायचं. मधले दोन दिवस कागदोपत्री तो बेकार. अशी दहा-दहा कंत्राटं, त्याच टेबलावर, त्याच मशीनवर. या माणसाला बँक घरासाठी कर्ज देत नाही. त्याला मालक काही शिकवत नाही, कारण सहा महिन्यांत जाणाऱ्यावर खर्च कोण करणार? 2005 मध्ये एका तरुणीने 'एल पाईस' या दैनिकाला पत्र लिहिलं आणि आपल्या पिढीला नाव दिलं, 'मिलेउरिस्ता', हजार युरोवाले. पदव्या आहेत, भाषा येतात, आणि महिनाअखेर हातात हजार युरो. तो शब्द स्पेनभर पसरला.

मग 2008 चं संकट आलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात ना, तसंही तिथे झालं नाही. आधी तात्पुरते जात्यात गेले, मग सुपातलेही गेले. 2013 मध्ये बेकारी 26 टक्के. पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या मुलामुलींमध्ये निम्म्याहून जास्त बेकार. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने 45 दिवसांचे 33 केले होते. म्हणजे ज्यांना थोडी सावली होती, तीही कमी केली.

दुरुस्ती झाली ती फार उशिरा. डिसेंबर 2021 मध्ये सरकार, दोन मोठ्या कामगार संघटना आणि मालक संघटना एका कागदावर आले. नेमणूक कायमच धरायची, तात्पुरती हवी असेल तर कारण द्यायचं. 3 फेब्रुवारी 2022 रोजी माद्रिदच्या संसदेत तो कायदा 175 विरुद्ध 174 मतांनी पक्का झाला. विरोधी पक्षाच्या एका सदस्याने घरून मतदान करताना चुकीचं मत नोंदवलं होतं, आणि लाखो लोकांचं कायम होणं त्या एका बोटावर लटकलं होतं. दोन वर्षांत तात्पुरत्यांचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावरून सहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं. त्यात हंगामी-कायम असा एक प्रकार आहे. हॉटेलातला माणूस हंगाम नसताना घरी बसतो, तरी सरकारी नोंदणीत तो बेकार मोजला जात नाही. ही उणीव खरी आहे. तरीही हंगाम सुरू झाला की त्याला बोलवावंच लागतं, हा हक्क त्याच्या हातात आला, आणि मला तो मोठा वाटतो.

इटलीत तर या वादात रक्त सांडलं. 1970 च्या कामगार कायद्याचं 18 वं कलम सांगत होतं की पंधरापेक्षा जास्त कामगारांच्या कंपनीने अन्यायाने काढलेल्याला परत कामावर घ्यायचं. ते सैल करावं की नाही, यावर देश दुभंगला. मार्को बियाजी हे कामगार कायद्याचे प्राध्यापक सरकारला सुधारणांवर सल्ला देत होते. 19 मार्च 2002 च्या संध्याकाळी ते बोलोन्याच्या स्टेशनवरून सायकलने घरी आले आणि दाराशीच अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचं पोलिस संरक्षण आधी काढून घेतलेलं होतं. चार दिवसांनी रोममध्ये 18 व्या कलमासाठी लाखो कामगारांचा मोर्चा ठरलेला होता. तो निघाला, आणि त्याच मोर्चाने त्या खुनाचाही निषेध केला. बियाजींशी मतभेद असलेली माणसं त्यांच्यासाठी उभी राहिली, हे आठवलं की आजही गलबलून येतं. पुढे 2015 मध्ये नव्या नेमणुकांपुरतं ते संरक्षण बहुतांशी काढून घेतलं गेलं. एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या दोघांना आता नेमणुकीच्या तारखेवरून वेगळा न्याय मिळतो. ते बदलायला जून 2025 मध्ये सार्वमत झालं, पण निम्मे मतदारही आले नाहीत, आणि ते बाद ठरलं.

जर्मनीची वाट निराळी. काम कमी झालं तर माणूस काढायचा नाही, त्याचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी बेकारी विम्यातून द्यायचा. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, सुमारे 60 लाख लोक असे कमी तासांवर होते.

आणि डेन्मार्क? तिथेही सौदा झिजतो आहे. 2010 मध्ये भत्त्याची मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली. काढणं मात्र होतं तितकंच सोपं राहिलं. तराजूच्या एका पारड्यातलं वजन काढलं आणि दुसऱ्याला हात लावला नाही, याला मी सुधारणा म्हणायला तयार नाही. लिंडोच्या कामगारांच्या मदतीला निदान युरोपीय संघाचा खास निधी आला, नव्या कामाचं शिक्षण मिळालं. त्या गोदीच्या आवारात आज समुद्रातल्या पवनचक्क्यांची कामं चालतात. गोदीत एकेकाळी वेल्डिंगच्या रोबोंवर जे संशोधन झालं, त्याच्या मुळावर ओडेन्समध्ये रोबो बनवणाऱ्या कंपन्यांचं मोठं झाड उभं राहिलं आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे आज युरोपात आहेत. कोणी बर्लिनमध्ये शिकता शिकता सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतं. ॲपवर काम करणारा हा कामगार की स्वतंत्र धंदेवाला, यावर युरोपीय संघाने 2024 मध्ये नियम केला, आणि 2 डिसेंबर 2026 पर्यंत प्रत्येक देशाने तो आपल्या कायद्यात आणायचा आहे. कोणी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टलव्हीनला किंवा आइंडहोव्हनला इंजिनीअर आहे. त्याचा पगार चांगला आहे, करही तो तिथल्या माणसासारखाच भरतो. पण त्याचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. घराचा करार वर्षाचा, मुलगी डच शाळेत तिसरीत, आणि हातात तीन महिने. त्याच कार्यालयातला डच सहकारी त्याच दिवशी कमी झाला, तर त्याला देश सोडण्याची चिंता नसते. तीन महिने फार थोडे आहेत.