सही आधी नको, तपासणी आधी

नमस्कार श्रोतेहो. पन्नाशी-साठी ओलांडली तरी स्वतः गाडी चालवणाऱ्यांशी आज बोलायचं आहे. पाकिटातलं लायसन्स काढा आणि मुदतीची तारीख बघा. तरुणपणी ते वर्षानुवर्षं चालायचं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पंचावन्नच्या पुढे ते ५ वर्षांचंच मिळतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असे, तीही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं गेली. नूतनीकरणाचा अर्ज मात्र वर्षभर आधीपासून करता येतो. आणि मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी देणं आलं.

चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म वन-ए. आता खरं सांगायचं ते याच कागदाबद्दल. एजंटाकडे फोटो दिला की पेशंटला न बघताच सही-शिक्का होऊन येतो, हे आपल्याला ठाऊक असतं. कृपा करून असा दाखला घेऊ नका. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. यातली एकेक गोष्ट रस्त्यावर कुणाच्या तरी जिवाशी निगडित आहे.

मोतीबिंदू निदान जाणवतो तरी. पावसाळ्यात संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे ओल्या काचेवर असे फाकतात की कडेनं चालणारा माणूस दिसतच नाही. काचबिंदू जास्त फसवा. त्यात आधी बाजूची नजर जाते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून पत्ताच लागत नाही. समोरचं सगळं स्वच्छ दिसत असतं, पण डावीकडून आलेली स्कूटर अगदी जवळ आल्यावरच दिसते.

मोतीबिंदू निघाला म्हणून गाडी कायमची सुटत नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा चालवता येते. बरेच जण याच भीतीनं तपासणी टाळतात, त्याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाब तपासून घ्या, मग ऑनलाइन अर्ज भरा. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्या दिवशी गाडी घरीच ठेवा. घरातल्या कुणाला तरी सोबत न्या आणि येताना रिक्षा करा.