आज्जी देवाघरी गेली, मग चर्चमध्ये का दिसत नाही?

बसा बसा, मागे पण खुर्च्या आहेत. पाळकसाहेबांनी विषय दिलाय 'मुलांना स्वर्ग कसा समजवायचा', आता मी काही थिऑलॉजी शिकलेली नाही, दोन पोरांची आई आहे आणि बारा वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, घेतीये, तेवढंच माझं क्वालिफिकेशन.

माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. सगळे तिला सांगत होते आज्जी देवाघरी गेली, मीपण तेच सांगितलं. रविवारी उपासनेला गेलो तर ही बाकांखाली वाकून वाकून बघतीये. काय गं? तर म्हणे आज्जी कुठाय. अहो चर्चला देवाचं घर म्हणतात हे मीच तर तिला शिकवलेलं! त्यात आमच्या नणंदेने सांगितलं आज्जी प्रभूत झोपलीये, झालं, त्या रात्रीपासून ही झोपायलाच तयार नाही, कारण आज्जी झोपली आणि तिला पेटीत घालून पुरलं हे तिने डोळ्याने बघितलेलं.

मग मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, 11वा अध्याय पुन्हा वाचला. येशू शिष्यांना म्हणतो आपला मित्र लाजर झोपलाय. शिष्य म्हणतात झोपला असेल तर बरा होईल की! आता ही तर मोठी दाढीवाली माणसं, त्यांनासुद्धा कळलं नाही, तेव्हा येशूने सरळ सांगून टाकलं, लाजर मेला आहे. मग आपण पाच वर्षांच्या लेकराला कोड्यात का सांगतो? मी तिला जवळ घेऊन सांगितलं, आज्जी मेली, तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत पण नाही, आणि तू झोपलीस तर सकाळी उठणार आहेस, ती झोप वेगळी. रडली खूप. मीपण रडले. त्याच अध्यायात आहे ना, 'येशू रडला', थोड्या वेळात लाजराला मेलेल्यातून उठवणार होता तरी रडला. त्यामुळे 'आज्जी स्वर्गात आहे, रडायचं नाही' हे वाक्य आपल्या घरातनं बंद करा प्लीज, ते कुठल्याच शुभवर्तमानात नाही.

आता बाकीचे प्रश्न. स्वर्गात करंज्या मिळतात का? नाताळच्या करंज्या आज्जीच करायची म्हणून हा प्रश्न. मी म्हटलं करंज्यांचं लिहिलेलं नाही, पण येशू मेलेल्यातून उठल्यावर शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला हे लूकने त्याच्या शुभवर्तमानात लिहिलंय, म्हणजे खाणंपिणं देवाला चालतं. मोठा मुलगा हिशोबी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, देवाचं नगर नवं यरुशलेम 12000 स्टेडिया (जुनं लांबीचं माप) लांब, म्हणजे साधारण 2200 किलोमीटर, रुंदी तेवढीच आणि उंचीपण तेवढीच, हे ऐकल्यावर म्हणतो मग लिफ्ट आहे का. हसले मी, म्हटलं अरे ते मोजमाप आहे ना, त्याचा अर्थ जागा कमी पडणार नाही एवढाच धर. आणि ते नगर वरनं खाली येतं असं लिहिलंय, आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतोच, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही.

अवघड प्रश्न एकच. शेजारच्या काकू, ज्यांचा दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, त्या स्वर्गात येणार का? आपल्यातल्या किती घरांत आजोळ अजून हिंदूच आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. काही लोक इथे पोरांना नरकाची भीती घालतात, मला ते अजिबात पटत नाही, राग आला तरी चालेल. मी बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीतला, अब्राहाम सांगते, त्याने देवालाच विचारलेलं, सगळ्या जगाचा न्यायाधीश तू, तू न्यायाने नाही का वागणार? काकूंचा न्याय त्याच्याकडे आहे, आईकडे नाही. आपण येशूबद्दल सांगायचं, डबा रिकामा परत पाठवायचा नाही.

ईस्टरच्या, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला त्या दिवसाच्या, पहाटे आम्ही कबरस्तानात जातो. गेल्या वर्षी मेणबत्ती लावताना धाकटी म्हणाली, मम्मी, आज्जी उठेल तेव्हा तिला चष्मा कोण देणार, तो तर आपल्या कपाटात आहे. म्हटलं बहुतेक लागणार नाही गं तिला. तर म्हणे, तरी ठेवूया.

ठेवलाय.